कालवडीचा हिशेब तुझ्या हातात ठेव

अगं, मनातलं सांगते. आपल्या कसमादे पट्ट्यात दुधाच्या गाईचं कौतुक घरभर, आणि कालवड मात्र गव्हाणीच्या टोकाला उष्टा कडबा चघळत उभी. ‘दूध देत नाही, मग तिच्यावर खर्च कशाला?’ हा पुरुष मंडळींचा हिशेब. शेण काढतो आपण, पाणी दाखवतो आपण. मग हा हिशेबही आपणच दुरुस्त करायचा.

संकरित कालवड नीट वाढली तर दीड वर्षाच्या आसपास भरायला येते आणि सव्वादोन-अडीच वर्षांत व्यायते. पोटाला मारलीस तर तीच साडेतीन वर्षांवर जाते. वरचं ते वर्ष चारा खायला आहेच, दूध मात्र थेंबभर नाही.

सुरुवात चिकापासून. सासूबाई म्हणतील, वार पडल्याशिवाय पाजू नको. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पण थांबूही नकोस. पहिल्या तास-दोन तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे, कारण त्यातली रोगप्रतिकारक द्रव्यं शोषायची वासराच्या आतड्याची ताकद तासातासाला कमी होते आणि दिवसभरात संपते. वासरू ३० किलोचं असेल तर पहिल्या दिवसभरात तीन लिटर. जंताचं औषध डॉक्टरांना विचारून दहा-पंधरा दिवसांचं असताना, मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला. चार ते आठ महिन्यांच्या दरम्यान ब्रुसेलाची लस टोचून घे. ती फक्त मादी वासरांना आणि आयुष्यात एकदाच देतात. हुकली की हुकली.

दुसऱ्या आठवड्यापासून काफ स्टार्टर मूठभर तोंडापुढे ठेव, चाटता चाटता खायला शिकते. पुढे तीन ते नऊ महिन्यांचं वय फार जपायचं. या वयात मक्याचा भरडा आणि मुरघास यांवरच पोसलीस तर कालवड दिसते गुबगुबीत, पण कासेत दुधाच्या गाठींच्या जागी चरबी भरते, आणि ती नंतर काही केल्या निघत नाही. म्हणून मुरघासाच्या जोडीला लसूणघास, थोडी पेंड आणि रोज चमचा-दोन चमचे खनिज मिश्रण. अंगावर मांस नको, हाडापेरानं वाढायला हवी.

आणि हो, चाळीतला सडका कांदा फुकट मिळतो म्हणून टोपल्यानं टाकू नकोस. कांद्यानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल-काळी होते, जनावर हातचं जातं. पावसानं ताण दिलेली कोवळी ज्वारीही नको, किराळ लागते.

आता भरवायचं. वय विचारू नकोस, वजन विचार. साधा टेप घे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी, दोन्ही इंचात. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ५८, लांबी ४९ आली की २५० किलो झाली. त्याखाली कुणी कितीही घाई केली तरी भरवू नकोस. अंगानं लहान कालवड विताना अडते, पहिल्या वेताचं दूधही मार खातं आणि पुढे लवकर गाभण राहत नाही.

मालेगावच्या उन्हाळ्यात माज दिवसा दिसतच नाही. रात्री निजण्याआधी आणि पहाटे गोठ्यात एक फेरी मार. काचेसारखा सोट दिसला, दुसरं जनावर अंगावर चढलं तरी ती उभी राहिली, की समज. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. मात्रा सोप्या वेताच्या वळूची माग. लिंग-वर्गीकृत वीर्य मिळत असेल तर ते कालवडीलाच वापर. शंभरात नव्वदच्या घरात कालवडीच होतात आणि मादी वासरू अंगानं लहान, म्हणून वेतही सोपं जातं. एक मात्र लक्षात ठेव: गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मलेली कालवड बहुतेक वांझच निघते, तिच्यावर दोन वर्षं घालवू नकोस.

शेवटचं, आणि हे फक्त तुझ्या कानात. घरात पैशाची नड आली की पहिली दोरी सुटते ती कालवडीची, तीही वर्षाची असताना, जेव्हा तिला फारशी किंमत येत नाही. तेव्हा गप्प बसू नकोस. विकायचीच असेल तर सात-आठ महिन्यांची गाभण झाल्यावर विका म्हणावं, आणि सौदा ठरताना तू समोर उभी राहा.