दख्खनी मेंढ्यांचा लहान कळप : मेंढा विकण्यापूर्वी हिशेब करा

आपल्यापैकी अनेक व्यापारी बांधवांना मेंढीचा धंदा बकरी ईदपुरताच ठाऊक असतो. २० मेंढ्या पाळणाऱ्याला मात्र पुढच्या पिढीचाही हिशेब ठेवावा लागतो.

दख्खनी ही आपल्या पठारावरील काटक जात. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी हे तिचे पोटप्रकार. घोंगडी हिच्याच जाड लोकरीची. घोंगडीची मागणी घटली, लोकरीला भाव राहिला नाही, तेव्हा अनेकांनी लवकर वजन धरणाऱ्या बिनलोकरी जातींचे मेंढे कळपात सोडले. अस्सल दख्खनी कळप त्यामुळे कमी होत गेले.

लहान कळपाचे खरे भांडवल म्हणजे मेंढा. २० ते २५ मेंढ्यांना एक मेंढा पुरतो. म्हणजे प्रत्येक कोकरात निम्मे रक्त त्याचेच. ईदच्या बाजारात देखण्या नराला चांगला भाव मिळतो. तोच विकला, तर मागे राहिलेल्या दुबळ्या नरावर कळप चालवावा लागतो. म्हणून पैदाशीचा नर आधी बाजूला काढावा, मग बाकीचे विकावेत.

पण एकच मेंढा वर्षानुवर्षे ठेवणेही तोट्याचे. दोन वर्षांत त्याचीच माद कोकरे माजावर येतात. अशा जवळच्या नात्यातील पैदाशीने कोकरे अशक्त निपजतात, मरतूक वाढते. दर दोन वर्षांनी दुसऱ्या गावच्या अस्सल मेंढ्याशी अदलाबदल करावी. कानात बिल्ला आणि वहीत आई-बापाची नोंद असावी. नोंद असली की जादा नर पैदाशीसाठीही विकता येतो. त्याची किंमत केवळ मांसाच्या वजनावर ठरत नाही.