पंख्याचा ताप

वैशाखातील दुपारी वारा पडतो आणि घराघरांतून विजेचे पंखे अखंड फिरू लागतात. अशाच एखाद्या दुपारी टेबलावरचा पंखा हळूहळू मंदावतो. पाती थांबतात; आतून मात्र घूं घूं असा एकसुरी आवाज येत राहतो. पंखा विसावा घेत आहे, असे पाहणाऱ्यास वाटते. वस्तुतः त्याच्या जिवावर बेतण्याची वेळ नेमकी हीच असते.

पंख्याच्या मोटारीत तांब्याच्या बारीक तारेची वेटोळी असतात. तारेला तार चिकटून वीज भलत्या वाटेने जाऊ नये, म्हणून त्या तारेवर रोधक लेपाचे पातळ आवरण दिलेले असते. तारेतून वीज वाहू लागली की थोडी उष्णता निर्माण होतेच. परंतु पाती वारा पुढे लोटतात, तेव्हा मागची हवा झाकणाच्या फटींतून मोटारीला स्पर्श करीत पुढे येते. दुसऱ्यांना वारा घालणारा पंखा स्वतःलाही वारा घालीत असतो!

पाती अडली की हा वारा बंद होतो. शिवाय अडलेली मोटार नेहमीपेक्षा अधिक वीज ओढते, आणि त्या विजेची गती न होता सारी उष्णताच होते. मर्यादेपलीकडे उष्णतामान दर १० अंश सेल्सिअसने वाढले, तर रोधक लेपाचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, असा अभियंत्यांचा ढोबळ नियम आहे. लेप करपला की तारा एकमेकींना भिडतात, जळका वास सुटतो आणि प्रसंगी आगही लागते.

पाती अडण्याचे कारण बहुधा क्षुल्लक असते. दांड्याभोवती केस व दोरे गुंडाळले जातात, किंवा दांडा ज्या बुशात फिरतो त्यातील वंगण सुकते. हाताशी असते म्हणून त्यात खोबरेल तेल घालणारे काही कमी नाहीत. पण ते थंडीत गोठते आणि कालांतराने चिकट होते. तेथे शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. मागच्या फटींत धूळ साचली, किंवा पंख्यावर ओले कपडे वाळत घातले, तर फिरता पंखाही तापतो. छताच्या पंख्याची गोष्ट निराळी. तो मंदावला तर दोष बहुधा कंडेन्सरचा असतो. त्यात बटण बंद केल्यावरही वीज साठून राहू शकते. म्हणून ते काम जाणत्या कारागिराचे.

घुमणाऱ्या पंख्याची पाती बोटाने किंवा काठीने ढकलणे धोक्याचे असते. प्रथम बटण बंद करावे, मग प्लग काढावा. साफसफाई व तेलपाणी त्यानंतर.

पुष्कळशा टेबल-पंख्यांत वेटोळ्यांलगत एक चिमुकला उष्णता-फ्यूज बसविलेला असतो. मोटार फार तापली की तो स्वतः वितळून वीज तोडतो. काही जण तो काढून तारा सरळ जोडतात. पंखा पुन्हा फिरू लागतो खरा. पण पुढच्या वेळी मोटार तापली, म्हणजे वीज तोडणारे आत काहीच उरलेले नसते.