बाळाची गोधडी

मुळशीचा पाऊस आपल्याला नवा नाही. ताम्हिणीच्या घाटात ढग उतरले, की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. भाताची लावणी चालू असते. घरात ओल असते. दोरीवरचे कपडे वाळता वाळत नाहीत. अशा दिवसांत घरी पाळणा हलला, तर आनंद मोठा होतो. पण एक काळजीही लागते. बाळाला ऊब कशी द्यायची?

नऊ महिने बाळ आईच्या पोटात उबेत असते. बाहेर आल्यावर त्याचे इवलेसे अंग लवकर गार पडते. म्हणून आपल्या आज्या जुन्या लुगड्याची गोधडी शिवत आल्या. बंगालात अशीच कांथा शिवतात. बिहारात सुजनी शिवतात. जुने कापड, सुई आणि दोरा, एवढेच भांडवल.

जाड वाकळ की पातळ गोधडी?

पांघरूण जितके जाड तितकी ऊब जास्त, असे आपल्याला वाटते. पण जाड वाकळ पावसात वाळत नाही, आणि ओल्या वाकळेत बाळ गारठते. हे कसे? मातीचा माठ आठवा. माठ पाझरतो. ते पाणी सुकताना आतली उष्णता घेऊन जाते. म्हणून माठातले पाणी गार लागते. ओले कापडही बाळाच्या अंगाची उष्णता अशीच घेऊन जाते. कोरड्या गोधडीचे उलट आहे. तिच्या थरांमध्ये हवा अडकून राहते. ती हवा ऊब धरते.

म्हणून एक जाड वाकळ करू नका. दोन पातळ गोधड्या करा. एक बाळाखाली राहील, दुसरी दोरीवर वाळेल.

कापड कोणते घ्यावे?

जुने सुती लुगडे, धोतर, सदरा चालेल. शिंप्याकडे उरलेले सुती तुकडेही चालतील. जुने कापड धुऊन धुऊन मऊ झालेले असते. ते ओल टिपते. नायलॉनचे कापड ओल टिपत नाही, आणि ठिणगी पडली तर वितळून अंगाला चिकटते. ते घेऊ नका.

हुक, बटणे, टिकल्या आणि जरीचे काठ काढून टाका. कापड गरम पाण्यात साबणाने धुवा. ओला पांढरा फडका त्यावर घासा. फडक्याला रंग लागला, तर ते कापड बाजूला ठेवा.

गाडगेमहाराज अंगात ठिगळांचे कपडे घालीत. लोक त्यांना गोधडेमहाराज म्हणत. पण त्यांच्या हाती खराटा असे. ठिगळाची लाज नाही. घाणीची मात्र असावी.

मोजमाप

एक वीत म्हणजे सुमारे 9 इंच. आपली गोधडी 3 वीत रुंद आणि 4 वीत लांब करू. म्हणजे 27 इंच आणि 36 इंच. यासाठी 3 गुणिले 4, असे 12 चौकोनी तुकडे लागतील. प्रत्येक तुकडा 10 इंचांचा कापा. शिवणीत चारही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच जातो. खाली राहतात 9 इंच.

पाठीला लुगड्याचा एक अखंड तुकडा घ्या. तो 28 इंच रुंद आणि 37 इंच लांब असावा. मध्ये घालायला धोतराचा एक थर पुरे. तो 27 इंच आणि 36 इंच.

शिवण

1. तीन-तीन तुकडे जोडून चार पट्ट्या करा. चार-पाच टाके पुढे घातले, की एक टाका मागे घ्या. म्हणजे शिवण उसवत नाही.

2. चारही पट्ट्या एकमेकींना जोडा.

3. पाठीचे कापड जमिनीवर पसरा. त्यावर धोतराचा थर ठेवा. त्यावर जोडलेले तुकडे, चांगली बाजू वर करून, ठेवा. मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढा.

4. लांब-लांब कच्चे टाके घालून तिन्ही थर धरून ठेवा.

5. वरच्या आणि खालच्या कापडाच्या कडा अर्धा इंच आत दुमडा. कडेने शिवून घ्या.

6. आता कडेपासून धावदोरा घाला. गोल गोल फिरत मध्यापर्यंत या. दोन ओळींत दोन बोटांचे अंतर ठेवा. टाका आपल्या आंबेमोहोराच्या दाण्याएवढा असावा. लांब टाक्यात बाळाचे बोट अडकते.

7. गाठी थरांच्या आत दडवा. कच्चे टाके काढा.

शिवायला बसताना सुया मोजा. उठताना पुन्हा मोजा. एक जरी कमी भरली, तरी ती सापडेपर्यंत गोधडी बाळाजवळ नेऊ नका. आणि हो, हे काम बायांचेच, असे कोणी म्हणू नये. शिंपीदादाही सुईच धरतात.

गोधडी कशी वापरावी?

गोधडी बाळाखाली सपाट पसरा. बाळाला पाठीवर निजवा. तोंडावरून काही पांघरू नका. श्वास कोंडतो. पाय सरळ करून आवळून बांधू नका. खुब्याच्या सांध्याला ते वाईट.

गोधडी वाळली का, हे गालाला लावून पाहा. गालाला गार लागली, तर अजून ओली आहे. पडवीत वाऱ्यावर वाळवा. चुलीच्या धुरावर वाळवू नका.

बाळाच्या पायाला आणि पोटाला हात लावा. दोन्ही गार लागले, तर बाळ गारठले आहे. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरा आणि वरून दोघांना पांघरूण घाला. आईच्या अंगाची ऊब कोणत्याही गोधडीहून मोठी. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त पडले असेल, किंवा जन्माच्या वेळी अडीच किलोहून कमी भरले असेल, तर थांबू नका. आशाताईंना सांगा. 108 नंबरला फोन करा. दवाखान्यात नेतानाही छातीशीच धरा.

शेवटचा टाका

पूर्वी जन्मतारीख कोणी लिहून ठेवत नसे. 'पानशेत फुटले त्या साली झाला', असे सांगत. पानशेत फुटले 1961 साली. साल कळले, पण दिवस हरवला. मग शाळेत आणि कचेरीत वय सांगताना अडचण होई.

आता आपल्याला आकडे लिहिता येतात. गोधडीच्या कोपऱ्यात खडूने बाळाची जन्मतारीख लिहा आणि त्यावर रंगीत दोऱ्याने टाके घाला. जन्माची नोंदही 21 दिवसांच्या आत करून घ्या. बाळ दवाखान्यात जन्मले असेल, तर नोंद झाली का हे तिथे विचारा. घरी जन्मले असेल, तर ग्रामपंचायतीत जा. दाखला हाती आला, की त्यावरची तारीख आणि गोधडीवरची तारीख जुळते का, हे स्वतः वाचून पाहा.

वाचा आणि सांगा

1. ओल्या गोधडीत बाळ का गारठते?
2. 12 तुकडे कसे आले?
3. सुया दोनदा का मोजायच्या?
4. आपल्या घरातल्या सर्वांत लहान मुलाची जन्मतारीख वहीत लिहा.