रात्र पडायच्या आत

पोरी, एकटीनं रानात मुक्काम करायचा म्हणतेस, तर जरूर जा. पण रात्रीची भीती रात्री घालवता येत नाही, तिचा बंदोबस्त दिवसाउजेडीच करावा लागतो, एवढं लक्षात ठेवून निघ. तुझे आजोबा जंगलखात्यात गार्ड होते. त्यांनी मला जे सांगितलं आणि मी पुढे भीमाशंकरच्या पायथ्याला, मुळशीच्या डोंगरांत राहून पडताळलं, तेच तुला सांगते.

पहिली गोष्ट तिथीची. शुद्ध एकादशी ते पौर्णिमा या दिवसांत जा. दिवस मावळतो तेव्हा चंद्र वर आलेला असतो आणि रात्रीचा बराच वेळ सोबत देतो. वद्य पक्षात तो उशिरा उगवतो, आणि पहिल्या मुक्कामाला नेमके संध्याकाळचे तासच जड जातात. अभयारण्यात परवानगीशिवाय राहायचं नाही. गावालगतचं मालकीचं रान बघ आणि मालकाला विचारून तंबू लाव.

चारच्या आत जागेवर पोहोच. वर बघ: वाळकी फांदी लटकत नाही ना, आग्यामोहोळ नाही ना. मग तंबूच्या दारात बस आणि समोर दिसतं ते डावीकडून उजवीकडे पाठ कर. ऐनाचं तुटकं खोड, त्याच्या शेजारी कारवी, पुढे बैलाएवढा दगड. हे काम घाईनं करू नकोस, कारण रात्री तेच खोड गुडघे पोटाशी घेऊन बसलेल्या माणसासारखं दिसणार आहे. त्याच्याकडे टक लावून पाहिलंस की ते हलल्यासारखंही वाटेल. आपल्या नजरेचा नेमका मधला भाग अंधारात जवळजवळ आंधळा असतो, म्हणून रोखून पाहिलेली वस्तू विरते, सरकते. नजर थोडी बाजूला ठेव, खोड जागच्या जागी दिसेल. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात, आणि टॉर्चचा एक झोत ती सगळी कमाई घालवतो. म्हणून सारखा टॉर्च मारू नकोस. धीरासाठी शेकोटीही नको. तिच्या उजेडापलीकडचा अंधार उलट दाट होतो, आणि फेब्रुवारीपासून वणव्याचे दिवस असतात.

आता आवाज. खरी भीती कानातून शिरते. पानगळीत सागाचं वाळकं पान इतकं वाजतं की त्यावरून उंदीर गेला तरी कुणीतरी पाय टाकत येतंय असं वाटावं. बिबट्या मात्र पावलांचा आवाज जवळजवळ होऊच देत नाही. रानडुक्कर, गवा सोडले तर जे मोठ्यानं वाजतं ते बहुतेक लहान असतं, हे आजोबांचं सांगणं मला कायम उपयोगी पडलं. ‘चक्‌, चक्‌, चक्‌’ करत वेग वाढत जाणारा आवाज रातव्याचा. कुत्र्यासारखं एकेकदा तुटक भुंकतं ते भेकर. त्याला बिबट्याची चाहूल लागली असेल, किंवा तुझीच. बाईनं किंचाळावं तसा चिरका आवाज आला तर ते गव्हाणी घुबड. गवतात टॉर्च मारल्यावर बारीक हिरवट ठिणग्या चमकल्या तर ते कोळ्यांचे डोळे. वही जवळ ठेव आणि प्रत्येक आवाज वेळेसकट लिही, ओळखला नाही तरी लिही. लिहायला लागलं की माणूस घाबरणं सोडून ऐकायला लागतो.

देवराईत मात्र तंबू ठोकू नकोस. तिथल्या देवाच्या धाकानं माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाड लावली नाही, म्हणून ती झाडं उभी आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात अशा देवराया अभ्यासल्या. त्या धाकाचा मान राखायला हवा.

चकव्याच्या गोष्टी तू ऐकल्या असशील. माणूस रात्रभर चालतो आणि पहाटे पुन्हा त्याच झाडापाशी येतो. मी त्याला थाप म्हणत नाही. जर्मनीतल्या माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ साली दाखवून दिलं की सूर्य-चंद्र दिसेनासे झाले की माणूस सरळ चालतोय असं समजून गोल फिरतो. सहारात रात्री चालणारा एकजण चंद्र होता तोवर सरळ गेला. चंद्र ढगाआड गेल्यावर वळत वळत आला होता त्याच दिशेला निघाला. तेव्हा अंधारात तंबू सोडून भटकायचं नाही. वाट चुकलीसच तर चुकली तिथंच बसून उजाडायची वाट बघ. जुनी माणसंही हेच सांगत.

काळजी कशाची करायची, तेही ऐक. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर उघड्यावर झोपलेल्यांना चावते. तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. म्हणून तंबूची चेन पूर्ण लाव, रात्री बाहेर पडताना पायाखाली उजेड टाक, आणि सकाळी बूट झटकून घाल, आत विंचू असू शकतो. लाल विंचवाच्या दंशानं कोकणात माणसं दगावत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन वापरून ते मृत्यू फार कमी केले, पण औषध वेळेवर मिळायला हवं. सापाचा नुसता संशय आला तरी मांत्रिकाकडे नाही, चिरा पाडायच्या नाहीत, १०८ लावायचा आणि दवाखाना गाठायचा. फोनला रेंज कुठं येते ती जागा उजेड असतानाच हेरून ठेव.

आणि माणसांची काळजी. बाईमाणसाला रानात जनावरापेक्षा माणसांचीच धास्ती जास्त असते, आणि ती खोटी नाही. गावात एखाद्या घरी चहा घे, घरातल्या बाईशी बोल, पोलीस पाटलांच्या कानावर घाल. पण एकटी आहेस हे रस्त्यात भेटेल त्याला सांगू नकोस, आणि मुक्कामाचा फोटो घरी परतल्यावरच टाक.

पहिल्या खेपेला गावातून हाक ऐकू येईल एवढ्याच अंतरावर राहा. मळलेली वाट हाताशी ठेव. अगदीच नाही सोसलं तर टॉर्च घेऊन त्या वाटेनं चहा घेतलास त्या घरी जा आणि दार वाजव. त्यात कमीपणा काही नाही. सकाळी निघण्याआधी मला फोन कर.