बाणाची दिशा आणि दोषाचे मूळ

(वरच्या प्राथमिक इयत्तांच्या सामान्य विज्ञानासाठी पूरक पाठ)

पाठाचा हेतू

बाण सरळ का जातो व कधी भरकटतो, हे विद्यार्थ्यांना कारणासह सांगता यावे. तसेच दोष शोधताना एका वेळी एकच बदल करावयाचा, ही शास्त्रीय शिस्त त्यांच्या अंगी बाणावी, हा या पाठाचा हेतू होय. त्यासाठी अमेरिकेतील धनुर्धारी शिकारी हंगामापूर्वी जी तयारी करतो, तिचे उदाहरण घेतले आहे.

विषय-विवेचन

मिसूरी राज्यातील हॉलिस विल्बर अ‍ॅलन यांनी कंपाउंड धनुष्याच्या पेटंटसाठी १९६६ साली अर्ज केला. ते १९६९ साली मंजूर झाले. या धनुष्याच्या टोकांशी चाके असतात व त्यांपैकी निदान एक तरी मध्य सोडून आसावर बसविलेले असते. दोरी ओढताना प्रथम जोर वाढत जातो; पूर्ण ओढ झाली की चाकाच्या तरफेसारख्या क्रियेने हातावरील भार उतरतो. ३२ किलो जोराच्या धनुष्यात शेकडा ८० भार उतरत असेल, तर अखेरीस हातावर सुमारे ६.४ किलोच राहतो. त्यामुळे नेम धरण्यास उसंत मिळते.

सरावाच्या बाणाला साधे निमुळते टोक असते. शिकारीच्या बाणाला धारदार रुंद पात्यांचे. दोहोंचे वजन सारखे ठेवले तरी त्यांचे उड्डाण सारखे होतेच असे नाही. बाणाच्या मागील पिसांवर हवेचा दाब पडून बाण सरळ राहतो. पुढील पातीही हवेत पंखासारखीच वागतात; परंतु ती पुढे असल्याने त्यांचा परिणाम उलट होतो. बाण धनुष्यातून किंचित तिरपा सुटला, तर पाती तो तिरपेपणा वाढवू पाहतात. साध्या टोकाने झाकलेला दोष पात्यांच्या टोकाने उघडा पडतो.

हा दोष शिकारीत क्षम्य नसतो. बाण कापून व रक्तस्राव करून मारतो. तो हृदय-फुप्फुसांच्या जागी लागला तर हरीण लवकर गतप्राण होते. वीतभर बाजूला लागला तर जखमी हरीण रानात दूर जाऊन यातना भोगत राहते. म्हणून तयारीचा क्रम कसोशीने पाळावा लागतो.

पहिली पायरी तपासणीची. चाके एकमेकांशी जुळून फिरतात काय, बाणाची काठी धनुष्याच्या जोराला पुरेशी ताठ आहे काय, हे पाहतात. टोक टेकवून बाण भोवऱ्यासारखा फिरवितात. टोक थरथरले तर ते वाकडे बसले आहे असे समजून तो बाण बाजूस ठेवतात.

दुसरी पायरी कागदाची. चौकटीत ताणलेल्या कागदातून सुमारे दोन मीटरांवरून साध्या टोकाचा बाण सोडतात. एकच छिद्र व भोवती पिसांच्या चिरा उमटल्या, तर बाण सरळ सुटला. कागद लांब फाटला, तर बाणाची शेपटी कोणत्या बाजूस होती हे कळते.

तिसरी पायरी तुलनेची. सुमारे १८ मीटरांवरून आधी साध्या टोकाचे व मग पात्यांच्या टोकाचे बाण एकाच खुणेवर नेम धरून सोडतात. पात्यांचे बाण डावीकडे लागले, तर बाण ज्यावर टेकतो तो टेका उजवीकडे सरकवितात. खाली लागले, तर टेका वर घेतात. सरकविणे एका वेळी सुमारे एक मिलिमीटरच. लगेच पुन्हा बाण सोडून पाहतात. दोन्ही बाण एकत्र पडू लागले की अंतर वाढवून तीच परीक्षा घेतात.

येथे एक मोह टाळावयाचा असतो. टेका न हलविता नेमदर्शकच सरकविला, तर पात्यांचे बाण त्या अंतरापुरते खुणेवर लागतील. पण बाण तिरपाच सुटत राहील व अंतर बदलताच दोष पुन्हा प्रकट होईल. म्हणून नेमदर्शकास हात लावावयाचा तो सर्वांत शेवटी.

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये वन्य प्राण्यांची शिकार दंडनीय आहे, हे वर्गात स्पष्ट सांगावे. येथे हे धनुष्य क्रीडेचे साधन आहे. २०२३ साली बर्लिन येथील जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी व नागपूरचे ओजस देवतळे यांनी कंपाउंड धनुष्याची वैयक्तिक अजिंक्यपदे मिळविली.

वर्गातील प्रयोग

ज्वारीच्या धाटाच्या सरळ काडीच्या एका टोकास चिकणमातीचा गोळा व दुसऱ्या टोकास कागदाची पिसे लावावीत. मोकळ्या मैदानात, सर्व मुले एकाच बाजूस उभी करून, काडी हाताने फेकावी. नंतर पुढील टोकाजवळ जाड कागदाचे दोन पंख लावून, त्यांच्या वजनाइतकी माती कमी करून, पुन्हा फेकावी. प्रत्येक प्रकार दहा वेळा करून निरीक्षणे फळ्यावर लिहावीत. धनुष्य वा अणकुचीदार टोक वापरू नये.

शिक्षकांसाठी सूचना

बेरजेत हातचा विसरणाऱ्या मुलाचे उत्तर पुसून बरोबर उत्तर लिहून देणे म्हणजे नेमदर्शक सरकविणे होय. पुढचे गणित येताच चूक परत येते. पायऱ्या मोठ्याने म्हणवून घेतल्यास चुकीची जागा सापडते. तेवढीच दुरुस्त करावी आणि तशाच दुसऱ्या गणिताने पडताळा पाहावा.

प्रश्न

१. पिसे बाणाला सरळ ठेवतात, तर पाती त्याला भरकटवितात, असे का?
२. प्रयोगात पंख लावल्यावर माती कमी का केली?
३. टेका व नेमदर्शक एकाच वेळी हलविल्यास कोणती माहिती हातची जाईल?