ट्रॅक्टरची ओढ आणि ट्रॉलीचे वजन

गाळपाचा हंगाम सुरू झाला की निपाणी, चिकोडी, हुक्केरी या भागांतील रस्त्यांवर उसाने भरलेल्या ट्रॉल्यांची रांग लागते. आपल्या ट्रॅक्टरने किती टन ओढले हे अभिमानाने सांगणारे चालक गावोगाव भेटतात. परंतु ट्रॅक्टर किती वजन ओढू शकतो आणि किती वजन थांबवू शकतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ट्रॉलीत किती ऊस भरावा, हे दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरविले पाहिजे.

प्रथम ओढीचा हिशेब. ४५ अश्वशक्तीच्या सर्वसाधारण ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन सुमारे २ टन असते. २ टनांची चारचाकी ट्रॉली आणि तीत १० टन ऊस धरला, तर एकूण भार १४ टन होतो. सपाट डांबरी रस्त्यावर हा भार चालता ठेवण्यास वजनाच्या शेकडा २ इतकी, म्हणजे सुमारे २८० किलोंची ओढ पुरते. वीस फुटांस एक फूट असा चढ लागला की तीत आणखी ७०० किलोंची भर पडते. खालच्या गियरमध्ये इंजिन इतका जोर देऊ शकते. अडते ते मागच्या चाकांच्या पकडीपाशी. त्या चाकांवर जेमतेम दीड टन भार येतो आणि कोरड्या डांबरावर त्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे १,००० किलोंची पकड मिळते. म्हणजे या चढावर ट्रॅक्टर आपल्या मर्यादेच्या काठावर असतो. फडातील भुसभुशीत मातीत पकड पुष्कळच कमी, म्हणून भरलेली ट्रॉली बाहेर काढण्यास दुसरा ट्रॅक्टर जोडावा लागतो. केवळ अश्वशक्तीचा आकडा पाहून भार ठरविणे यामुळेच फसवे होय.

तथापि चढावर जे होते ते उघड होते. चाके जागीच फिरतात, इंजिन गुदमरते आणि चालक सावध होतो. उतार अशी सूचना देत नाही. चढाला बैल दमतात आणि उताराला गाडी बैलांच्या अंगावर येते, हे जुन्या गाडीवानांस ठाऊक होते. ट्रॉलीचेही तसेच आहे. फरक इतकाच की बहुसंख्य ट्रॉल्यांना ब्रेक नसतात आणि सर्व भार ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी अडवावा लागतो. मागून रेटा बसला की ती चाके हलकी होतात. उतारावर त्यांच्याकडून सुमारे ७०० किलोंचा रोध मिळतो असे समजावे आणि वेग ताशी २० किलोमीटर धरावा. वीस फुटांस एक फूट उतार असता रिकामी ट्रॉली ११ मीटरांत थांबते. ५ टन उसासह ३३ मीटर लागतात, १० टनांसह ७९ मीटर आणि १५ टनांसह सुमारे २३० मीटर. दोन ट्रॉल्या जोडून २० टन भरले, तर उताराचा रेटाच ब्रेकच्या रोधाहून अधिक होतो व वाहन थांबतच नाही. वजन दुप्पट झाले म्हणून थांबण्याचे अंतर दुप्पट होते, ही समजूत किती चुकीची आहे हे या आकड्यांवरून दिसेल. रस्त्यावर पाणी वा उसाचा पाला असल्यास अंतर याहूनही वाढते. तवंदी घाटासारख्या वळणाच्या उतारावर आणखी एक संकट असते. मागचा रेटा तिरपा लागतो आणि ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा फिरवते.

यावरील खरा उपाय म्हणजे ट्रॉलीच्या चाकांना स्वतःचे ब्रेक असणे. ते नसतील तर भार कमी करण्यावाचून गत्यंतर नाही. ज्या गियरने चढ चढला जाईल त्याच गियरने उतरावे. डिझेल वाचविण्यासाठी न्यूट्रल करणे वा क्लच दाबून धरणे म्हणजे इंजिनाचा रोध आपण होऊन सोडून देणे होय. नांगरटीच्या वेळी सुटे केलेले ब्रेकचे दोन पेडल रस्त्यावर येण्यापूर्वी कडीने एकत्र जोडावेत, अन्यथा एकाच चाकास ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. ट्रॉली खालच्या हुकासच जोडावी. टॉप लिंकच्या जागी जोडल्यास चढावर पुढची चाके उचलली जाऊन ट्रॅक्टर चालकाच्या अंगावर उलटू शकतो. दोनचाकी ट्रॉलीत मोळ्या मागे अधिक रचल्या, तर उलाळणाऱ्या बैलगाडीप्रमाणे हुकावरचा भार निघून जातो व ट्रॅक्टरची पकड आणखी घटते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्रपणे व्हावी लागते आणि नोंदणीपत्रात दिलेल्या एकूण वजनाहून अधिक भार नेता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनुसार या गुन्ह्यास २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनास आणखी २,००० रुपये दंड सांगितला आहे. वाहतुकीचा दर टनावर मिळत असल्याने खेपा कमी करून भार वाढविण्याचा मोह होतो, हे खरे. त्यात दोष एकट्या चालकाचा नसतो. भरणारे, भरवून घेणारे आणि काट्यावर मोजून घेणारे असे सारेच तो आकडा पाहत असतात.

डोळ्यांच्या अंदाजाने वजन कळत नाही, कारण ओल्या आणि वाळलेल्या उसात पुष्कळ अंतर पडते. मात्र कारखान्याच्या वजनकाट्याची पावती प्रत्येकापाशी असते. तीवर भरलेले, रिकामे आणि निव्वळ अशी तिन्ही वजने असतात. हंगामातील पहिल्या दोन-तीन खेपांच्या पावत्या जपून ठेवाव्यात, त्या वेळी मोळ्यांचे किती थर रचले होते ते त्यांवरच लिहावे आणि नोंदणीपत्रातील आकड्याशी ते ताडून ट्रॉलीच्या फळीवर रंगाने रेघ मारावी. पुढील खेपेस फडात भरणी करणाऱ्यांना त्या रेघेपर्यंतच मोळ्या रचण्यास सांगता येते.