उदरभित्तीची शस्त्रक्रिया : कोणास, केव्हा व कितपत?

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सिलतरा लागते. स्पंज लोखंड व पोलाद यांचे कारखाने तेथे दाटीने उभे आहेत. ज्याच्या ओटीपोटावर सैल कातडीची घडी लोंबत असेल, त्यास भट्टीच्या धगीत काम करताना ती घडी असह्य होते. घडीखाली घाम साचतो, त्वचा हुळहुळते, खाज सुटते व बुरशी वाढते. अशा मनुष्याने पोटावरील शस्त्रक्रियेचा विचार केला, तर तो केवळ रूपाचा प्रश्न राहत नाही. परंतु निर्णयापूर्वी पोट कशामुळे सुटले आहे, हे समजून घेतले पाहिजे.

पोट का सुटते?

उदराच्या पुढील भिंतीत बाहेरून आत त्वचा, तिच्याखालील मेद आणि त्याखाली स्नायू असे थर असतात. मध्यभागी दोन उभे स्नायू असून त्यांना एक चिवट पांढरी पट्टी जोडते. या भिंतीच्या आत, आतड्यांभोवती व त्यांच्यापुढे पसरलेल्या वपेतही मेद साठतो.

म्हणून एकाच आकाराच्या दोन पोटांची कारणे निराळी असू शकतात. एकाचा मेद त्वचेखाली असेल, तर दुसऱ्याचा आत. वजन पुष्कळ उतरलेल्या मनुष्याची त्वचा रिकाम्या पिशवीसारखी लोंबते. बाळंतपणानंतर स्त्रीची मधली पट्टी ताणलेली राहते व दोन्ही स्नायूंत फट पडते. उताणे निजून डोके किंचित उचलले असता ही फट बोटांना जाणवते. खोकताना एखाद्या ठिकाणी फुगवटा येत असेल, तर तो अंतर्गळ असू शकतो. त्याची तपासणी शस्त्रवैद्याकडूनच करून घ्यावी.

निरनिराळे मार्ग

पहिला मार्ग शस्त्राशिवायचा आहे. आतील मेद कोणत्याही सुरीने वा नळीने काढता येत नाही. तो मिताहाराने व व्यायामाने घटतो. बाळंतपणानंतरची फट पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत काही महिन्यांत आपोआप कमी होते, आणि योग्य व्यायामाने स्नायूंना बळ येते.

दुसरा मार्ग नळीने मेद शोषून घेण्याचा. त्वचा लवचिक असून तिच्याखाली थोडाच मेद असेल, तर हा उपाय पुरेसा होतो. मात्र तो स्थूलपणावरील उपचार नव्हे. 2004 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 15 स्थूल स्त्रियांच्या उदराचा पुष्कळ मेद असा काढण्यात आला. काही आठवड्यांनंतर पाहता त्यांच्या इन्शुलिनच्या कार्यात सुधारणा झालेली नव्हती.

तिसरा मार्ग उदरभित्तीच्या पूर्ण शस्त्रक्रियेचा. ओटीपोटावर एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत छेद घेतात, त्वचा व मेद बरगड्यांपर्यंत मोकळे करतात, विलगलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणतात व जादा त्वचा कापून टाकतात. बेंबी आपल्या जागीच राहते. वरून ओढलेल्या त्वचेत तिच्यासाठी नवे छिद्र करतात. शैथिल्य केवळ बेंबीखाली असेल, तर लहान छेदाची शस्त्रक्रिया भागते. पुष्कळ वजन उतरल्यावर काही वेळा स्नायूंना हात न लावता केवळ लोंबती घडी काढतात. अमेरिकेतील हॉवर्ड केली या शस्त्रवैद्याने अशी शस्त्रक्रिया 1899 सालीच नोंदविली होती.

पुण्याचा धडा

येथे एक जुनी हकीकत उपयोगी पडेल. पुण्यास कावसजी नामक गाडीवानाचे कापलेले नाक एका कारागिराने कपाळाच्या त्वचेपासून नव्याने घडविले. तिचा वृत्तांत 1794 साली लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझीन’मध्ये छापला गेला आणि युरोपातील शस्त्रवैद्यांचे लक्ष या विद्येकडे वेधले. कपाळाची त्वचा खाली वळविताना तिचा एक देठ मुळाशी जोडलेला ठेवीत, म्हणून तिला रक्त मिळत राही व ती जगे.

उदरावरही हाच नियम चालतो. मोकळी केलेली त्वचा उरलेल्या रक्तवाहिन्यांवर जगते. तंबाखूने या वाहिन्या आकुंचन पावतात व त्वचेचा काठ मरू शकतो. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी निदान चार आठवडे विडी व तंबाखू पूर्णपणे सोडावी लागते.

धोके

त्वचेखाली पाणी वा रक्त साचणे, जखम दूषित होणे, बधिरता येणे व व्रण राहणे, हे संभवनीय दोष होत. व्रण फिका पडतो. नाहीसा होत नाही. पायाच्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाणे हा क्वचित घडणारा, पण प्राणघातक धोका आहे. म्हणून रुग्णास लवकर चालविणे आवश्यक असते. सुमारे सहा आठवडे जड वजन उचलता येत नाही. जिचे घर रोजच्या मजुरीवर चालते, अशा स्त्रीने हा हिशेब आधी मांडावा.

निर्णय

वजन निदान सहा महिने स्थिर असावे. पुढे मूल हवे असेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलणे इष्ट, कारण नव्या गर्भारपणात शिवलेली भिंत पुन्हा ताणते. प्लास्टिक शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेला शस्त्रवैद्य, भूल देणारा तज्ज्ञ आणि संकटकाळी दक्षता विभाग असलेले रुग्णालय, या तिन्ही गोष्टी विचारून घ्याव्यात. रायपूरच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत या शाखेचा विभाग आहे. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा वा आयुष्मान योजना सामान्यतः देत नाही. अंतर्गळाची गोष्ट निराळी.

शस्त्रक्रिया भिंत दुरुस्त करते, आतील घर बदलत नाही. घडीने त्रासलेल्या मनुष्यास ती खरा दिलासा देऊ शकेल. मधुमेहाच्या भीतीने आलेल्यास ती निराश करील. शस्त्रवैद्याकडे जाताना म्हणून पहिला प्रश्न “माझे पोट किती कमी होईल?” हा नसावा, “माझे पोट कशाने वाढले आहे?” हा असावा.

विचारासाठी प्रश्न

1. आतील मेद नळीने का काढता येत नाही?
2. कपाळाच्या त्वचेचा देठ व उदराची मोकळी केलेली त्वचा यांत कोणते साम्य आहे?
3. बाळंतपणानंतर लगेच ही शस्त्रक्रिया का करू नये?